ड्रॉप सीची रिग: नऱ्ह्याच्या गाळ्यातल्या नोंदी

४ मे २०२४. सुरुवातीची स्थिती

जागा: नऱ्हे, पुणे, पत्र्याच्या छताचा गाळा. काम: सहा तारांच्या दोन गिटार, एक ट्यूब अ‍ॅम्प, एक चार स्पीकरचा कॅबिनेट आणि पेडलबोर्ड ड्रॉप सीसाठी नीट बसवणं. ड्रॉप सी म्हणजे नेहमीपेक्षा खाली उतरवलेलं ट्यूनिंग, जाड तारेपासून सी, जी, सी, एफ, ए, डी.

गिटार एक: २५.५ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी, ६४८ मिमी), २४ फ्रेट, फिक्स्ड ब्रिज, पॅसिव्ह सिरॅमिक हंबकर (तारेचं कंपन विजेत बदलणारा दोन कॉइलचा पिकअप). गिटार दोन: त्याच स्केलची, फ्लॉइड रोझ (तारा कुलपात धरणारा हलता ब्रिज), ईएमजी ८१ आणि ८५ (बॅटरीवर चालणारे अ‍ॅक्टिव्ह पिकअप). अ‍ॅम्प पीव्ही ६५०५. कॅबिनेटमध्ये सेलेस्टियन व्हिंटेज ३० चे चार. पेडल: आयबनेझ टीएस९ (ओव्हरड्राइव्ह), बॉस एनएस-२ (गेट: थ्रेशोल्ड म्हणजे ठरवलेल्या पातळीखालचा आवाज बंद करणारं पेडल), एक डिजिटल डिले, एक ट्यूनर.

आजच्या तक्रारी अशा. जाड तार सैल वाजते आणि जोरात मारली की सूर वर चढतो. पाम म्यूटचे (तळहात तारांवर टेकवून मारलेले) फटके एकमेकांत मिसळतात. गेन (सिग्नल किती वाढवून फाडायचा ते) ८ वर आहे, तरी धार नाही. हात थांबला की घरघर. ती दाबायला गेट इतका वर नेलाय की लांब धरलेला सूर मध्येच तुटतो.

कामाची पद्धत: तारेपासून सुरुवात, स्पीकरपाशी शेवट, एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलानंतर तोच आठ बारचा रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा), १८० बीपीएम (मिनिटाला ठोके), त्याच १.३८ मिमी जॅझ ३ पिकने रेकॉर्ड करायचा. दोन बदल एकदम केले की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही, आणि मेटलच्या रिगमध्ये लोक नेमकं हेच करतात: आवाज चिखल झाला की थेट नवं पेडल.

५ मे. तारा

गिटार एकवर १०-४६ चा सेट होता (आकडे म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात). ४६ ची तार ई सुरात (८२.४ हर्ट्झ) साधारण ७.९ किलो ताणाने बसते. तीच तार सीपर्यंत (६५.४ हर्ट्झ) उतरवली की ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे ०.६३ पट. उरतात ५ किलो. पहिल्या दोन्ही तक्रारी इथेच आहेत. सैल तार पिकखाली जास्त लांब झुलते, झुलताना ताणली जाते, आणि फटक्याच्या क्षणी सूर वर जातो. ट्यूनरवर मोजलं: जोराच्या फटक्याला २५ सेंट (शेजारच्या दोन सुरांतल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर, मग हळूहळू खाली.

१२-५६ चा सेट लावला (१२, १६, प्लेन २४, ३२, ४४, ५६). ५६ ची तार सी सुरात ७.५ किलोच्या आसपास. त्याच फटक्याला आता ८ सेंट. हे ८ सेंट राहणारच, म्हणून ट्यूनिंग करताना तार हळू छेडायची नाही. जितक्या जोराने वाजवणार तितक्याच जोराने मारायची आणि काटा स्थिरावताना बघायचा.

२७ इंची बॅरिटोन घेतली तर त्याच तारेला त्याच सुरात १२ टक्के जास्त ताण मिळतो. बी किंवा त्याखाली जायचं असेल तर तो खर्च सार्थ. सीसाठी २५.५ पुरतं.

सूर उतरवण्याची ही वाट जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवादक टोनी आयोमीची उजव्या हाताची दोन बोटं कारखान्यात टोकाला कापली गेली. तो डावखुरा, म्हणजे फ्रेटवरची बोटं तीच. १९७१ पर्यंत तो सी शार्पला उतरला होता, आणि बोटांना सोसावं म्हणून तारा हलक्या. त्याच्या संथ रिफला सैल तार शोभते. १८० च्या वेगाला नाही.

९ मे. नट

गुरुवार, दुरुस्तीसाठी वीज बंद. सोल्डरिंग बाजूला ठेवून हाताचं काम घेतलं.

नट म्हणजे फ्रेटबोर्डच्या वरच्या टोकाला तारांचा टेकू. त्याची खाच ४६ साठी, म्हणजे १.१७ मिमी तारेसाठी कापलेली. ५६ ची तार १.४२ मिमी. ती खाचेत अडकून बसते, खुंटी फिरवली की काही होत नाही आणि मग एकदम ‘टिंग’ करून सूर उडी मारतो. ट्यूनिंग टिकत नाही म्हणून खुंट्या बदलणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

नटच्या खास फायली महाग पडतात. गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या गोल खरबरीत तारांचा संच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो चालला. खाच १.५ मिमी केली, म्हणजे तारेपेक्षा जेमतेम जास्त. फाईल खुंट्यांच्या बाजूला उतरती धरायची, तारेचा शेवटचा टेकू फ्रेटबोर्डकडच्या कडेलाच राहिला पाहिजे. उलटा उतार झाला की मोकळी तार सतारीसारखी झणझणते.

खोली तपासायची रीत: तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा, पहिल्या फ्रेटवर कागद जाईल एवढीच फट दिसली पाहिजे. जास्त खोल गेली तर खाचेत खायचा सोडा दाबून त्यावर पातळ सायनो गोंदाचा थेंब, वाळल्यावर पुन्हा कापायचं. आज ती वेळ आली नाही. शेवटी खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं.

११ मे. नेक, अ‍ॅक्शन, इन्टोनेशन

गाळ्यातली आर्द्रता दुपारी ३४ टक्के. हा आकडा जूनसाठी लिहून ठेवला.

नव्या ताणाने नेक पुढे वाकला. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट बोटाने दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या): ०.४० मिमी. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक बदलणारी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, दहा मिनिटं थांबून पुन्हा मोजला, मग आणखी अष्टमांश. ०.२० मिमीवर आणला. रॉड जड लागला तर तारा सैल करून फिरवायचा. जोर लावून रॉडचा नट गोल झाला तर दुरुस्ती गिटारच्या किमतीएवढी जाऊ शकते.

अ‍ॅक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) बाराव्या फ्रेटवर: जाड तार २.० मिमी, बारीक १.५. याहून खाली गेलं की जोराच्या फटक्याला तार फ्रेटवर आपटते. तो आवाज अ‍ॅम्पशिवाय किरकोळ वाटतो, पण गेनमधून गेला की प्रत्येक पाम म्यूटमागे पत्र्याचा खणखणाट. ‘अ‍ॅक्शन जितकी खाली तितकी चांगली’ हे लीड वाजवणाऱ्यांचं मत. र्‍हिदमसाठी ते चुकीचं आहे.

इन्टोनेशन (तार नेकभर सुरात राहणं): बाराव्या फ्रेटचा दाबलेला सूर वर असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे. जाड तारेचं सॅडल मागे नेता नेता स्प्रिंग पूर्ण दबली आणि तरी ४ सेंट वर राहिले. स्प्रिंग काढून टाकली, तारेचा ताण सॅडलला जागेवर धरतो. आता १ सेंट. तिसरी तार २४ ची प्लेन असल्याने तिचंही सॅडल बरंच मागे गेलं, ते बरोबरच आहे.

१८ मे. पिकअप आणि वायरिंग

गिटार एकचा हंबकर बदलला. चार वायरींच्या हंबकरमध्ये सगळ्यात जास्त चुका रंगांत होतात, कारण प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा. सीमोर डंकनमध्ये काळी हॉट (सिग्नलची), हिरवी आणि उघडी ग्राउंडला, लाल-पांढरी एकमेकींना. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी ग्राउंडला, काळी-पांढरी एकमेकींना. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला की एकच कॉइल वाजते किंवा काहीच वाजत नाही. पिकअपच्या पेटीतलाच कागद वापरायचा.

पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा फिरता रेझिस्टर) ५०० किलोओहमचा, टोनचा कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरड. पॉटच्या पाठीवर ग्राउंड चिकटवायला २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री पुरत नाही. पॉटचं धातू उष्णता शोषून घेतं आणि वर राखाडी, भुसभुशीत सांधा बसतो, तोच दोन महिन्यांनी खरखरतो. ६० वॉटची घेतली, पाठ आधी सॅंडपेपरने खरवडली, तीन सेकंदांत काम.

पोकळीला तांब्याचा फॉइल टेप. टेपचा गोंद वीजवाहक असेलच असं नाही, म्हणून पट्ट्यांच्या सांध्यांवर सोल्डरचे ठिपके दिले. मल्टिमीटरवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १ ओहमच्या आत.

तपासणी: व्हॉल्यूम पूर्ण उघडून केबलच्या टोकाला १५.८ किलोओहम. पिकअप १६.३ चा आहे, पॉट समांतर येतो म्हणून थोडा कमी दिसतो. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली. ती वाढली असती तर हॉट आणि ग्राउंड कुठेतरी उलटे असते.

उंची: शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली २.० मिमी, बारीकखाली १.६. सिरॅमिक चुंबक जास्त जवळ नेला की तो तारेला ओढतो, सूर डळमळतो.

१९ मे. गिटार दोन

ईएमजी ८१ पिकअपला ८० मायक्रोअँपिअर लागतात, दोन पिकअप म्हणजे १६०. नऊ व्होल्टच्या चांगल्या अल्कलाइन बॅटरीवर तीन हजार तासांच्या घरात. तरीही बॅटरी आठवड्यात उतरते ती एकाच कारणाने: केबल लावून ठेवलेली असते. जॅक स्टिरिओ असतो, बॅटरीचं ऋण टोक त्याच्या मधल्या कड्यावर, आणि साधा मोनो प्लग आत गेला की तेच कडं ग्राउंडला जोडलं जातं. केबल हाच स्विच. वाजवून झालं की केबल उपसायची.

या गिटारमध्ये कोणीतरी ५०० किलोओहमचे पॉट बसवले होते. अ‍ॅक्टिव्ह पिकअपला २५ किलोओहमचे लागतात. मोठा पॉट लावला की व्हॉल्यूम ९ पर्यंत काही करत नाही आणि मग एकदम पडतो. बदलले.

फ्लॉइडला ११-५४ लावला. ट्रेमोलोमागे लाकडाचा तुकडा अडकवून ब्रिज समतल धरला, आधी खुंट्यांनी सूर लावले, मग तुकडा काढून मागच्या स्क्रूंनी स्प्रिंगचा ताण इतका केला की ब्रिज पुन्हा समतल आणि सूर जागेवर. तीन स्प्रिंग पुरल्या. फाइन ट्यूनर मध्यावर ठेवून मगच नटची कुलपं ३ मिमी अ‍ॅलन कीने आवळली. आवळताना सूर थोडा चढतो, तो फाइन ट्यूनरने उतरवायचा. गाण्यांच्या मध्ये ट्यूनिंग बदलायचं असेल तर ही गिटार घेऊ नये: एक तार उतरवली की बाकी पाच चढतात.

२५ मे. अर्थिंग

ही नोंद लांब आहे, कारण घरघरीचा निम्मा हिस्सा इथे निघाला आणि यात जिवाचा प्रश्न आहे.

आधी घरघर ओळखायची. आपली वीज ५० हर्ट्झ. ५० हर्ट्झ हा जी आणि जी शार्पच्या मधला सूर आहे (४९.० आणि ५१.९), आणि १०० हर्ट्झ जीच्या (९८.०) किंचित वर. ट्यूनर लावला. खालचा जी दिसला तर केबलचा ग्राउंड लूप (ग्राउंडच्या जोडण्यांचा बंद फेरा) किंवा जवळचा ट्रान्सफॉर्मर. वरचा जी आणि आवाज जाडसर असेल तर पॉवर सप्लाय किंवा त्यातले फिल्टर कपॅसिटर. सूरच पकडता येत नाही, नुसती मधमाशीसारखी भुणभुण असेल तर चोकवाली ट्यूबलाइट किंवा पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथली घरघर बीच्या जवळ बसते, त्यामुळे तिकडच्या सल्ल्यातले आकडे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

इथे ५० आणि भुणभुण दोन्ही. रेग्युलेटर बंद केल्यावर भुणभुण गेली. मग सॉकेट मोजला: फेज-न्यूट्रल २३४ व्होल्ट, फेज-अर्थ १९८, न्यूट्रल-अर्थ ३६. शेवटचा आकडा एक-दोन व्होल्टच्या आसपास असायला हवा. ३६ म्हणजे अर्थिंग नावापुरतं. गिटारच्या तारा आणि माइकची जाळी यांच्यात एसी व्होल्टेज मोजलं तर ४१. गाताना ओठ माइकला आणि हात तारांवर असेल तर हा झटका थेट छातीतून जातो.

परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून काम करून घेतलं. बोर्डातली अर्थची वायर सैल होती, आणि मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडला होता. वायर आवळली, खड्ड्यात पाणी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवला. नंतरचे आकडे: २३३, २३२, १.२. तारा आणि माइक यांच्यात अर्धा व्होल्टसुद्धा नाही.

घरघर घालवायला अ‍ॅम्पच्या प्लगची जाडी पिन काढून टाकणारे लोक आहेत. काढू नका. घरघर खरंच कमी होते, आणि पुढचा बिघाड झाला की अ‍ॅम्पचं शरीर २३० व्होल्टवर असतं.

अ‍ॅम्प आणि पेडलबोर्ड आता एकाच बोर्डावरून.

२६ मे. पेडलची वीज

तपकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) आणलेला साधा ९ व्होल्टचा अडॅप्टर मोजला: भार नसताना १३.४ व्होल्ट. रेग्युलेटर नसलेल्या ट्रान्सफॉर्मर अडॅप्टरचं हे नेहमीचं लक्षण, आणि सोबत १०० हर्ट्झची लहर येते. शिवाय मधली पिन धन होती. गिटार पेडलला जवळजवळ नेहमी मधली पिन ऋण लागते. उलटं लावलं की आतला संरक्षक डायोड वीज शॉर्ट करतो आणि स्वतः जळतो, नशीब चांगलं असेल तर तेवढ्यावर भागतं.

स्वतंत्र आउटपुटचा सप्लाय घेतला. टीएस९, गेट, ट्यूनर यांची भूक थोडी, डिलेची मोठी. सगळे एकाच साखळी वायरवर असताना डिलेच्या प्रोसेसरची बारीक शिट्टी टीएस९ मधून वाढून येत होती. वेगळे केल्यावर गेली. पैसे कमी असतील तर निदान डिजिटल पेडलला वेगळा अडॅप्टर द्यावा.

१ जून. बूस्ट

सगळ्या कामातला हा मोठा बदल.

१८० बीपीएमला सोळांश सूर (ठोक्याचा चौथा भाग) ८३ मिलिसेकंदांचा. खालच्या सीचं एक आवर्तन १५.३ मिलिसेकंदांचं. म्हणजे एका फटक्यात मूळ सुराची जेमतेम साडेपाच आवर्तनं बसतात. कानाला सूर आणि त्याची धार कळते ती वरच्या स्वरांशांतून. खालचा भाग मात्र गेनच्या टप्प्यात शिरून सगळी जागा खातो, ट्यूब त्याच्यावरच पिळली जाते आणि पुढचा फटका यायच्या आत सावरत नाही. यालाच आपण चिखल म्हणतो. गेन वाढवला की चिखल वाढतो. अ‍ॅम्पचा लो कमी करून उपयोग होत नाही, कारण तो गेननंतर आहे. बास गेनच्या आधी काढावा लागतो.

टीएस९ इथे डिस्टॉर्शनसाठी नाही, बूस्टसाठी आहे, म्हणजे अ‍ॅम्पच्या आधी सिग्नल उचलायला. ड्राइव्ह ०, टोन मध्यावर, लेव्हल पूर्ण. सर्किटमध्ये ४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड मिळून ७२० हर्ट्झचा कोपरा बनवतात. त्याच्या वर ड्राइव्ह शून्यावर असूनही सुमारे १२ पट वाढ मिळते, खाली जाताना ती घटत घटत एक पटीवर येते. मग फीडबॅकमधले डायोड टोकं गोल करतात. म्हणून बास आत येतो तेवढाच राहतो आणि मधला भाग पुढे सरकतो.

अ‍ॅम्पचा गेन ८ वरून ४.५ वर. रेकॉर्डिंगमध्ये दोन फटक्यांमधली दरी पहिल्यांदा डोळ्यांना दिसली. जाड तारेवर मधला भाग जरा नाकात वाटतो, टोन मध्याच्या किंचित वर नेल्यावर तो निवळला.

बूस्टच्या आधी बफर असलेलं पेडल ठेवलं तरी फरक पडला नाही. ट्यूनर सगळ्यात पुढे.

२ जून. दोन दुसरे रस्ते

उसने आणलेले दोन बॉस पेडल, तोच रिफ.

एमटी-२ मेटल झोन (१९९१). बदनाम पेडल, आणि बरीचशी बदनामी वापराच्या चुकीची. अ‍ॅम्पच्या डिस्टॉर्शन चॅनेलमध्ये लावलं की मधमाश्यांचं पोळं. त्याला प्रीअ‍ॅम्प (अ‍ॅम्पचा सुरुवातीचा गेनचा टप्पा) समजून थेट अ‍ॅम्पच्या इफेक्ट रिटर्नमध्ये (प्रीअ‍ॅम्प टाळून पुढे जाणारा जॅक) लावलं, डिस्टॉर्शन घड्याळाच्या १० च्या काट्यावर, लो आणि हाय मध्यावर, मिडची वारंवारता ८०० हर्ट्झजवळ आणि मिड थोडा चढता. घट्ट, स्वच्छ, वापरण्याजोगा आवाज. मिड पूर्ण खाली खेचला की एकट्यात भारी वाटतं, ड्रम-बास सुरू होताच गिटार गायब.

एचएम-२ (मूळ १९८३ ते १९९१, पुन्हा २०२०). चारही बटणं पूर्ण. नव्वदीच्या सुरुवातीला स्टॉकहोमच्या डेथ मेटलने याच सेटिंगवर आपला आवाज उभा केला. १ किलोहर्ट्झच्या आसपास एवढा उभार की करवत चालल्यासारखी वाटते. संथ आणि मध्यम वेगाच्या रिफला याला तोड नाही. वेगवान सोळांशांत फटके पुन्हा चिकटले. या रिफसाठी टीएस९ कायम.

८ जून. गेट

एनएस-२ आधी बूस्टनंतर एका ओळीत होता. त्याला गिटार आणि घरघर एकत्रच ऐकू येत होती, मग शेपूट तुटणारच.

चार केबलची जोडणी: गिटार गेटच्या इनपुटला. गेटच्या सेंडपासून टीएस९, तिथून अ‍ॅम्पचं इनपुट. अ‍ॅम्पच्या इफेक्ट लूपचा (प्रीअ‍ॅम्पनंतर सिग्नल बाहेर काढून परत घ्यायची जागा) सेंड गेटच्या रिटर्नला. गेटचं आउटपुट डिलेमधून अ‍ॅम्पच्या लूपच्या रिटर्नला. आता गेट निर्णय घेतो तो गिटारच्या स्वच्छ सिग्नलवर, आणि दरवाजा बंद करतो प्रीअ‍ॅम्पनंतर, जिथे सगळा आवाज जमा झालाय. डिले गेटनंतर असल्याने त्याचे पडसाद कापले जात नाहीत.

थ्रेशोल्ड अर्ध्यावरून ३ वर आला, डिके (गेट किती हळू बंद होतो ते) सगळ्यात कमी. धरलेला सूर आता पूर्ण विरतो.

पण नवी ५० हर्ट्झ घरघर आली. अ‍ॅम्प ते गेट ते अ‍ॅम्प असा शिल्डचा (केबलमधल्या ग्राउंडच्या जाळीचा) बंद फेरा झाला, हाच ग्राउंड लूप. लूप सेंडच्या केबलमध्ये १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला, ती गेली. शिल्ड एका टोकाला कापलेली केबलही चालते, पण तिच्यावर ठळक खूण हवी, नाहीतर कोणीतरी ती गिटारला लावून तासभर बिघाड शोधत बसतो.

१५ जून. अ‍ॅम्प

हे सर्किट १९९२ मध्ये ५१५० नावाने गिटारवादक एडी व्हॅन हेलनसोबत आलं, पुढे ६५०५ या नावाने. पाच १२एएक्स७ प्रीअ‍ॅम्पला, चार ६एल६जीसी पॉवरला, १२० वॉट.

ट्यूब तपासणी: गेन ६, गिटार नाही, पेन्सिलच्या लाकडी टोकाने एकेका प्रीअ‍ॅम्प ट्यूबला हलकी टिचकी. पहिल्या ट्यूबचा घंटेसारखा आवाज, वर शिट्टी. बदलली. पहिल्या जागेवर सगळ्यात शांत ट्यूब ठेवावी, तिच्यापुढे सगळा गेन आहे.

पॉवर ट्यूब चौघांचा जुळलेला संच म्हणूनच बदलायचा. मूळ सर्किटमध्ये बायस (ट्यूबमधून शांत असताना किती प्रवाह जातो ते) फिरवायचा पॉट नाही आणि तो थंड ठेवलेला आहे, त्यामुळे ट्यूब टिकतात आणि आवाज कोरडा राहतो. मेटलला तो कोरडेपणा हवाच. एखादी प्लेट लाल दिसली तर ताबडतोब बंद. अ‍ॅम्प उघडणं मात्र जाणकारावरच सोडावं, आत ४०० व्होल्टच्या वर असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात.

सेटिंग: गेन ४.५, लो ४, मिड ५, हाय ६, रेझोनन्स ३, प्रेझेन्स ६. रेझोनन्स स्पीकरच्या बासवरची लगाम सैल करतो. एकट्यात ७ सुखावतो, बासगिटार आली की दोघे ६० ते १०० हर्ट्झमध्ये भांडतात.

२२ जून. कॅबिनेट आणि माइक

कॅबिनेट १६ ओहम, अ‍ॅम्पचा खटका १६ वर. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीच चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. स्पीकरची केबल म्हणजे गिटारची केबल नव्हे. तिची मधली वायर बारीक असते. दोन कोरची १.५ चौरस मिमी तांब्याची वायर घेऊन दीड मीटरची बनवली.

एसएम५७ माइक जाळीपासून अडीच सेंटिमीटर, धुळीच्या टोपीच्या (स्पीकरच्या मधल्या घुमटाच्या) कडेवर. टोपीच्या मध्याकडे एक सेंटिमीटर सरकवला की आवाज फाडतो, बाहेर सरकवला की मऊ होतो. इक्यूला हात लावायच्या आधी माइक हलवून बघा. चारही स्पीकर ऐकून खालचा डावा निवडला.

रेकॉर्डिंगवर ९० हर्ट्झच्या खाली काट, १० किलोहर्ट्झच्या वर काट, बस. तोच रिफ दोनदा वेगवेगळा वाजवून पूर्ण डावी-उजवी. एकाच टेकची नक्कल दुसऱ्या बाजूला ठेवून रुंदी मिळत नाही. दोन टेक असतील तर गेन ४ वर, दोघांचं डिस्टॉर्शन मिळून तेवढंच होतं.

रात्री दहानंतर कॅबिनेट बंद. मग अ‍ॅम्प लोड बॉक्सवर (स्पीकरऐवजी भार देणारी पेटी), कॅबिनेटच्या जागी आयआर (कॅबिनेट-माइकच्या आवाजाची डिजिटल छाप).

२९ जून. पावसाळा

आर्द्रता ८२ टक्के. गिटार एकचा बाक ०.२० वरून ०.३८ मिमी, जाड तार बाराव्या फ्रेटवर २.४. ट्रस रॉड अष्टमांश फेरा, दुसऱ्या दिवशी मोजून पुन्हा अष्टमांश. ०.२२ वर थांबलो. गिटार दोनचा नेक त्याच खोलीत फक्त ०.०५ ने हलला. लाकडाचा प्रत्येक तुकडा वेगळा, म्हणून अंदाजाने फिरवायचं नाही.

प्रत्येक केसमध्ये २०० ग्रॅम सिलिका जेल. रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरायचं. कोटिंगच्या तारा लावल्या, साध्या तारांवर तीन आठवड्यांत गंजाचे ठिपके आले होते.

या हवेतली एक फसवी तक्रार: लूपच्या केबल काढल्यावर अ‍ॅम्पचा आवाज निम्मा आणि तुटक. ट्यूब गेल्यासारखं वाटतं. दोष रिटर्न जॅकमधल्या स्विचच्या पत्तीवर जमलेल्या ऑक्साइडचा. सेंड-रिटर्नमध्ये छोटी केबल जोडून आवाज परत आला तर निदान पक्कं. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून प्लग वीसदा आत-बाहेर.

६ जुलै. आजची स्थिती

तोच रिफ, ४ मेच्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवून ऐकला. गेन ८ च्या जागी ४.५, थ्रेशोल्ड अर्ध्याच्या जागी ३, आणि प्रत्येक फटका सुटा. हात थांबला की उरते ती हवेसारखी सुर्र, ५० हर्ट्झ नाही.

क्रम: गिटार, ट्यूनर, एनएस-२ इनपुट, सेंडमधून टीएस९, अ‍ॅम्प. लूप सेंड, ट्रान्सफॉर्मर, एनएस-२ रिटर्न, आउटपुटमधून डिले, लूप रिटर्न.

बाकी: सॉकेटचा न्यूट्रल-अर्थ दर महिन्याला मोजायचा. ऑक्टोबरच्या उन्हात आर्द्रता ५० च्या खाली आली की ट्रस रॉड पाव फेऱ्यापर्यंत परत सैल करावा लागेल. तोवर अ‍ॅलन की केसच्या झाकणात चिकटवलेली आहे.